अमेरिकेत घर घेताना: एजंटचं कमिशन कोण देणार आणि क्लोजिंगचा खर्च कसा भागवायचा

पहिलं घर घेणारे बहुतेक जण डाउन पेमेंटची जुळवाजुळव करून निर्धास्त होतात. मग क्लोजिंग (सह्या होऊन व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस) तोंडावर आलं की कळतं, चावी हातात पडायला आणखी दहा-पंधरा हजार डॉलर लागणार आहेत. ऑगस्ट २०२४ पासून या बिलात आणखी एक ओळ वाढू शकते, ती म्हणजे स्वतःच्या एजंटचं कमिशन. हे खर्च काही अंशी विक्रेत्याकडून, लेंडरकडून (कर्ज देणाऱ्याकडून), एजंटकडून किंवा राज्याच्या योजनेतून भागवता येतात. मात्र अशा प्रत्येक मदतीला मर्यादा आहे आणि ती कागदावर कुठे लिहायची हेही ठरलेलं आहे. जागा चुकली तर कबूल झालेले पैसेही हातचे जातात.

वाटाघाटीत दोनच आकडे महत्त्वाचे असतात. विक्रेता बघतो की सगळं वजा जाता त्याच्या हाती किती उरतात. तुम्ही बघायचं ते क्लोजिंगच्या दिवशी तुमच्या खात्यातून किती जाणार आणि नंतर दरमहा किती. घराची किंमत, कमिशन, क्रेडिट (तुमच्या खर्चापोटी समोरच्याने दिलेली रक्कम) आणि व्याजदर या चार गोष्टी वेगवेगळ्या भांडत बसण्याऐवजी एकाच हिशेबात धरल्या तर बरंच काही पदरात पडतं.

आधी खर्चाची फोड

क्लोजिंगचा खर्च ढोबळमानाने किमतीच्या २ ते ५ टक्के येतो. यातला फरक मुख्यतः राज्यामुळे पडतो. त्याचे चार गट करा. पहिला लेंडरचा: ओरिजिनेशन (कर्ज देण्याची फी), अंडररायटिंग (अर्जाची छाननी), अप्रेझल (घराचं मूल्यांकन), क्रेडिट रिपोर्ट. दुसरा टायटलचा, म्हणजे मालकीहक्काचा: टायटल तपासणी, लेंडरची टायटल पॉलिसी (विमा), सेटलमेंट फी आणि घेतली तर मालकाची टायटल पॉलिसी. लेंडरची पॉलिसी सक्तीची असते आणि ती फक्त लेंडरला संरक्षण देते. मालकाची ऐच्छिक असते, पण घ्यावी. तिसरा सरकारी: नोंदणी आणि ट्रान्सफर टॅक्स (मालकी बदलताना लागणारा कर). चौथा गट प्रीपेडचा: घराच्या विम्याचा वर्षाचा हप्ता, क्लोजिंगपासून महिनाअखेरपर्यंतचं रोजचं व्याज आणि एस्क्रो खात्यात (टॅक्स आणि विमा भरण्यासाठी लेंडर पैसे ठेवतो ते खातं) आगाऊ भरायचा प्रॉपर्टी टॅक्स.

चौथा गट खरं तर फी नव्हे. ते तुमचेच पैसे आहेत, फक्त आधी द्यावे लागतात. तरीही रोख तिथेच सर्वांत जास्त अडकते. न्यू जर्सी किंवा टेक्सससारख्या ठिकाणी प्रॉपर्टी टॅक्स भरमसाट असतो. वर्षाला १०,००० डॉलर टॅक्स असेल आणि लेंडरने पाच महिन्यांचा आगाऊ घेतला, तर त्या एका ओळीचेच चार हजारांच्या वर जातात. एस्क्रोत सुरक्षेसाठी ठेवायची शिल्लक दोन महिन्यांच्या रकमेपेक्षा जास्त मागता येत नाही, ही केंद्रीय कायद्याची मर्यादा आहे. क्लोजिंग महिनाअखेरीस ठेवलं की रोजचं व्याज कमी भरावं लागतं. ही बचत मात्र तात्पुरती आहे, कारण पहिला हप्ताही तेवढाच लवकर येतो.

राज्याराज्यांतले काही फरक आधीच माहीत हवेत. न्यूयॉर्कमध्ये १० लाख डॉलर किंवा त्याहून महाग घरावर किमान १ टक्का मॅन्शन टॅक्स खरेदीदार भरतो. न्यूयॉर्क शहरात कर्जाच्या नोंदणीवरचा कर कर्जाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंत जातो आणि वकिलाची फी वेगळी. न्यू जर्सीत महागड्या घरांवरची अशी फी पूर्वी खरेदीदाराकडे होती, ती १० जुलै २०२५ पासून विक्रेत्याकडे गेली. टेक्ससमध्ये ट्रान्सफर टॅक्स नाही आणि टायटल विम्याचे दर राज्य ठरवतं, त्यामुळे तिथे त्या प्रीमियमवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका.

आकडा अंदाजाने धरू नका, लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा अधिकृत तक्ता, घ्या. नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर, घराचा पत्ता, अंदाजे किंमत आणि कर्जाची रक्कम या सहा गोष्टी दिल्या की लेंडरला कामकाजाच्या तीन दिवसांत लोन एस्टिमेट द्यावंच लागतं. पत्ता नसेल तर तुम्हाला मिळतो तो नुसता अंदाजपत्रकाचा कागद, आणि तो लेंडरवर बंधनकारक नसतो. तीन लेंडरकडून एकाच दिवशी एस्टिमेट मागवा, कारण दर रोज हलतात. १४ दिवसांच्या आत झालेल्या गृहकर्जाच्या चौकशा क्रेडिट स्कोअरमध्ये एकच धरल्या जातात, तेव्हा त्या भीतीने एकाच लेंडरवर अडून राहू नका.

तुलना करताना दुसऱ्या पानावरचा ए विभाग (लेंडरची स्वतःची फी) आणि लेंडर क्रेडिटची ओळ बघा. एफ आणि जी विभाग, म्हणजे प्रीपेड आणि एस्क्रो, प्रत्यक्षात सगळ्या लेंडरकडे सारखेच येणार असतात. काही लोन ऑफिसर तिथे टॅक्स आणि विमा मुद्दाम कमी धरतात, म्हणजे शेवटचा आकडा इतरांपेक्षा छोटा दिसतो. त्याला भुलून लेंडर निवडणाऱ्यांना क्लोजिंगच्या आठवड्यात फटका बसतो.

एजंटशी करार: सही करण्याआधी

बरीच वर्षं विक्रेता ५ ते ६ टक्के कमिशन द्यायचा आणि त्याचाच एजंट त्यातला वाटा खरेदीदाराच्या एजंटला द्यायचा. हा वाटा एमएलएस या सामायिक यादीत लिहिलेला असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरीतल्या केंद्रीय न्यायालयाच्या ज्युरीने या पद्धतीविरुद्ध कौल दिला. त्यानंतर नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि नवे नियम १७ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. एमएलएसवर खरेदीदाराच्या एजंटसाठी कमिशन जाहीर करता येत नाही. आणि एमएलएस वापरणाऱ्या एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो.

याचा अर्थ विक्रेत्याने द्यायचं बंद केलं असा नाही. तो आजही देऊ शकतो आणि पुष्कळ जण देतातच. फक्त ते आता विचारावं लागतं: एजंटला फोन करून, लिस्टिंग ब्रोकरच्या (विक्रेत्याच्या ब्रोकरच्या) वेबसाइटवर बघून किंवा थेट ऑफरमध्ये मागून.

करारात रक्कम स्पष्ट हवी: टक्के, ठोक रक्कम किंवा तासाचा दर. ‘विक्रेता जे देईल ते’ अशी मोकळी भाषा चालत नाही. लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त कमिशन एजंट कोणाकडूनही घेऊ शकत नाही. करारात २.५ टक्के असतील आणि विक्रेता ३ टक्के द्यायला तयार असेल, तर वरचा अर्धा टक्का एजंटचा नाही. तो किमतीत किंवा क्रेडिटमध्ये तुमच्याकडे वळवा. कमिशन कायद्याने ठरलेलं नसून वाटाघाटीने ठरतं, हे वाक्यही करारात ठळक असावं लागतं. ते वाचून दाखवून ‘आमच्याकडे असाच दर आहे’ म्हणणारे एजंट भेटतील. दर त्यांचा असेल, नियम नाही.

सर्वांत महत्त्वाचं कलम तुटीचं. समजा ५ लाखांचं घर, करार २.५ टक्क्यांचा, म्हणजे १२,५०० डॉलर. विक्रेता २ टक्केच देतो, म्हणजे १०,०००. उरलेले २,५०० तुमच्या खिशातून, तेही रोख, कारण हे कमिशन कर्जात मिळवता येत नाही. म्हणून सही करण्याआधी तीनपैकी एक गोष्ट लिहून घ्या: विक्रेता जेवढं देईल त्यावर एजंट समाधान मानेल, किंवा तुमचा वाटा अमुक डॉलरच्या वर जाणार नाही, किंवा विक्रेता काहीच देत नसेल तर ते घर दाखवण्याआधी एजंट तुम्हाला तसं कळवेल. तोंडी आश्वासनाला इथे शून्य किंमत आहे.

मुदतीवरही अडून बसा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा करार तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. इतर राज्यांत सहा महिने किंवा वर्षाचा छापील फॉर्म समोर सरकवला जातो. एजंट नवा असेल तर एका दिवसापुरता किंवा दोन-तीन घरांपुरता करार मागा. मग ३० दिवसांचा, आणि काम आवडलं तर पुढचा. मुदत संपल्यावरही ठरावीक दिवस हक्क राखणारं कलम असतं: एजंटने दाखवलेलं घर तुम्ही नंतर घेतलं तरी कमिशन द्यावं लागतं. ते रास्त आहे, पण लेखी दिलेल्या घरांच्या यादीपुरतंच ठेवा. नाहीतर संपूर्ण काउंटीतलं कुठलंही घर त्यात येतं.

टक्क्यांपेक्षा ठोक रक्कम बरेचदा सोयीची पडते. ८ लाखांच्या घरावर २.५ टक्के म्हणजे २०,००० डॉलर. घर तुम्हीच वेबसाइटवर शोधलेलं असेल आणि एजंटचं काम ऑफर, इन्स्पेक्शन आणि क्लोजिंगपुरतं असेल, तर १०,००० ते १२,००० ठोक मागणं अवाजवी नाही. उलट बजेट कमी, बाजार तेजीत आणि सहा-सात ऑफर टाकाव्या लागणार असतील, तर एजंटला पूर्ण दर देणंच शहाणपणाचं.

ओपन हाउसला (घर सर्वांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा) जायला करार लागत नाही. तिथला एजंट विक्रेत्याचा असतो, त्याच्याशी बजेट, घाई किंवा प्रीअप्रूव्हलची (लेंडरने आधीच मंजूर केलेली) रक्कम बोलू नका. नव्या बांधकामाच्या ठिकाणी मात्र पहिल्याच भेटीत आपला एजंट सोबत न्या किंवा त्याचं नाव नोंदवा. पहिल्या भेटीत नोंद नसेल तर बहुतेक बिल्डर नंतर एजंटला पैसे देत नाहीत, आणि करारामुळे ते तुमच्यावर येऊ शकतात.

विक्रेत्याकडून किती घेता येतं

विक्रेत्याने तुमच्या क्लोजिंग खर्चासाठी दिलेल्या रकमेला सेलर क्रेडिट म्हणतात. मर्यादा तो ठरवत नाही, कर्जाचा प्रकार ठरवतो.

कन्व्हेन्शनल (सरकारी विमा किंवा हमी नसलेल्या) कर्जावर, राहत्या घरासाठी, डाउन पेमेंट १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मर्यादा ३ टक्के. १० टक्क्यांपासून २५ टक्क्यांच्या आतपर्यंत ६ टक्के. २५ टक्के किंवा जास्त असेल तर ९ टक्के. भाड्याने द्यायच्या घरावर सरसकट २ टक्के. एफएचए (सरकारी विमा असलेल्या) आणि यूएसडीए (ग्रामीण भागासाठीच्या) कर्जावर ६ टक्के. व्हीए (सैनिक आणि माजी सैनिकांसाठीच्या) कर्जाचा नियम वेगळा आहे: नेहमीचे क्लोजिंग खर्च विक्रेता कितीही भरू शकतो आणि त्यापलीकडच्या सवलतींवर ४ टक्क्यांची मर्यादा आहे. कन्व्हेन्शनल कर्जात टक्केवारी विक्री किंमत आणि अप्रेझल यांपैकी जी कमी असेल तिच्यावर धरतात.

९ टक्के डाउन पेमेंट करणाऱ्याने आणखी एक टक्का कसाबसा जमवला, तर मर्यादा ३ वरून थेट ६ टक्क्यांवर जाते. ५ लाखांच्या घरावर हे ५,००० डॉलर जास्त भरून १५,००० ऐवजी ३०,००० पर्यंत क्रेडिट घेण्याची मुभा मिळवण्यासारखं आहे. विक्रेता तेवढं देईल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण दार तरी उघडतं.

या मर्यादेत काय मोजतात आणि काय नाही, इथे गोंधळ फार. खरेदीदाराच्या एजंटचं कमिशन विक्रेत्याने भरण्याची त्या भागात रीत असेल, तर कन्व्हेन्शनल आणि एफएचए कर्जांत ते या मर्यादेत धरत नाहीत. म्हणून खरेदी करारात ते स्वतंत्र कलमात लिहा: विक्रेता खरेदीदाराच्या ब्रोकरला अमुक रक्कम देईल. क्लोजिंग खर्चाच्या क्रेडिटमध्ये ते मिसळलं तर मर्यादा विनाकारण संपते. लेंडर देतो ते क्रेडिटही मोजत नाहीत. तुमच्या एजंटने कमिशनमधून परत दिलेली रक्कम मात्र मोजतात, कारण व्यवहारातून फायदा होणाऱ्यांत एजंटही येतो.

दोन गोष्टी क्रेडिटमधून कधीच होत नाहीत. त्यातून डाउन पेमेंट भरता येत नाही. आणि प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त क्रेडिट रोखीत हाती येत नाही. १५,००० कबूल करून घेतले आणि खर्च ११,८०० निघाला, तर ३,२०० विक्रेत्याकडेच राहतात. हा प्रकार क्लोजिंगच्या दोन-तीन दिवस आधी लक्षात येतो, तेव्हा किंमत बदलायला लेंडर नाखूश असतो. उपाय सोपा आहे: करारातच ‘क्लोजिंग खर्च, प्रीपेड आणि व्याजदर कमी करण्याचे पॉइंट’ अशी भाषा ठेवा, म्हणजे उरलेली रक्कम पॉइंटमध्ये घालता येते. एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या १ टक्का.

इन्स्पेक्शननंतर छत किंवा फर्नेससाठी पैसे मागताना करारात ‘दुरुस्तीसाठी’ हा शब्द येऊ देऊ नका. तो दिसला की अंडररायटर दुरुस्तीचा पुरावा किंवा पुन्हा तपासणी मागतो. तीच रक्कम क्लोजिंग खर्चाचं क्रेडिट म्हणून घ्या आणि दुरुस्ती नंतर स्वतःच्या माणसाकडून करून घ्या. घर सोडण्याच्या घाईत असलेला विक्रेता स्वस्तातला माणूस बोलावतो, त्यापेक्षा हे नेहमीच बरं. एफएचए किंवा व्हीएच्या अप्रेझरनेच सक्तीची म्हणून लिहिलेली दुरुस्ती मात्र क्लोजिंगआधी झालीच पाहिजे.

ऑफरचा हिशेब: किंमत कमी की क्रेडिट जास्त

एकच घर, दोन ऑफर. दोन्हींत खरेदीदाराच्या एजंटचे २.५ टक्के विक्रेता देणार, डाउन पेमेंट ५ टक्के, क्लोजिंगचा खर्च १४,०००, व्याजदर ६.५ टक्के, मुदत ३० वर्षं.

पहिली ऑफर: किंमत ५,००,०००, क्रेडिट १०,०००. विक्रेत्याला १२,५०० कमिशन आणि १०,००० क्रेडिट वजा जाता ४,७७,५०० उरतात. तुमची रोख: २५,००० अधिक १४,००० वजा १०,०००, म्हणजे २९,०००.

दुसरी ऑफर: किंमत ४,८५,०००, क्रेडिट नाही. विक्रेत्याला १२,१२५ वजा जाता ४,७२,८७५ उरतात. तुमची रोख: २४,२५० अधिक १४,०००, म्हणजे ३८,२५०.

विक्रेत्याला पहिल्या ऑफरमध्ये साडेचार हजारांहून जास्त मिळतात आणि तुमची रोख ९,२५० ने वाचते. क्रेडिट मागितलं की विक्रेता चिडतो, असं सांगणाऱ्या एजंटला हा कागद दाखवा. पण हे फुकट नाही. पहिल्या ऑफरमध्ये कर्ज १४,२५० ने जास्त, म्हणजे दरमहा साधारण ९० डॉलर जास्त. घर लवकर विकलं तर ती जास्तीची मुद्दलही तुम्हालाच फेडावी लागते. हातात रोख कमी असेल आणि क्लोजिंगनंतर तीन-चार महिन्यांचा खर्च शिल्लक राहणार नसेल, तर पहिली ऑफर घ्या. रोख मुबलक असेल तर दुसरीच योग्य. कॅलिफोर्नियात आणखी एक बाब आहे: तिथे प्रॉपर्टी टॅक्सचा पाया खरेदीच्या किमतीवर ठरतो आणि पुढे वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढतो. फुगवलेली किंमत म्हणजे वर्षानुवर्षं जास्त टॅक्स.

क्रेडिट मिळवण्यासाठी किंमत वाढवताना अप्रेझल आडवं येतं. मागणी किंमत ५ लाख, तुम्ही ५,१०,००० लिहिले आणि १०,००० क्रेडिट मागितलं. अप्रेझल ५ लाखांवर थांबलं. लेंडर कर्ज ५ लाखांच्या हिशेबाने देणार, वरचे दहा हजार तुम्ही रोख भरायचे किंवा विक्रेत्याने किंमत उतरवायची. त्याने किंमत उतरवून क्रेडिटही तसंच ठेवायचं म्हटलं तर त्याचे दहा हजार गेले, आणि व्यवहार इथेच मोडतात. म्हणून किंमत वाढवण्याआधी गेल्या सहा महिन्यांत आसपास विकलेल्या, त्याच मापाच्या तीन घरांचे दर एजंटकडून मागवा. ते वाढीव आकड्याला टेकू देत नसतील तर हा मार्ग सोडा. अप्रेझरने एखादी चांगली तुलना वगळली असेल तर लेंडरमार्फत फेरविचाराची लेखी मागणी करता येते, पण ती घरांच्या आकड्यांनिशी करावी लागते, नुसत्या नाराजीने नव्हे.

वेळही बघा. पहिल्याच वीकेंडला आठ ऑफर येणाऱ्या घरावर क्रेडिट मागणारी ऑफर खाली जाते. पन्नास-साठ दिवस पडून असलेलं, एकदा किंमत उतरवलेलं किंवा आधीचा व्यवहार मोडून परत बाजारात आलेलं घर या मागणीसाठी उत्तम.

बाकीचे मार्ग

लेंडर क्रेडिट म्हणजे थोडा जास्त व्याजदर घेऊन त्या बदल्यात क्लोजिंगचा खर्च कमी करून घेणं. समजा ४,७५,००० च्या कर्जावर ६.५ ऐवजी ६.७५ टक्के घेतले आणि लेंडरने ४,७५० डॉलर दिले. हप्ता महिन्याला सुमारे ७८ डॉलरने वाढतो. ४,७५० भागिले ७८ म्हणजे साधारण पाच वर्षं. त्याआधी घर विकणार असाल किंवा रिफायनान्स करणार (नवं कर्ज घेऊन जुनं फेडणार) असाल तर हा सौदा तुमच्या बाजूचा. दहा वर्षं राहणार असाल तर नाही.

एजंटकडून कमिशनचा भाग परत घेणं बहुतेक राज्यांत कायदेशीर आहे. लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा अशा काही राज्यांत त्यावर बंदी आहे. जिथे चालतं तिथेही ते लेंडरला आधी कळवून क्लोजिंग डिस्क्लोजरवर (क्लोजिंगच्या अंतिम हिशेबाच्या कागदावर) दिसलं पाहिजे. क्लोजिंगनंतर गुपचूप चेक देतो म्हणणाऱ्या एजंटला नाही म्हणा. लेंडरपासून लपवलेला पैसा कर्जफसवणुकीत मोडतो आणि सही तुमची असते.

बिल्डर ‘आमचा लेंडर घेतला तर १५,००० डॉलर क्लोजिंग खर्च’ अशी ऑफर देतात. असं आमिष दाखवायला परवानगी आहे, लेंडरची सक्ती करायला नाही. बाहेरच्या लेंडरचं त्याच दिवसाचं एस्टिमेट शेजारी ठेवा. त्यांचा दर पाव टक्का जास्त आणि ओरिजिनेशन एक टक्का असेल तर त्या १५,००० मधला बराच भाग परत त्यांच्याकडेच जातो. कधीकधी बिल्डरची ऑफर खरोखर उत्तम असते, पण ते आकडे मांडूनच कळतं. विक्रेत्याने अमुक कंपनीचाच टायटल विमा घ्या आणि त्याचे पैसे तुम्हीच द्या अशी अट घालणं, केंद्रीय कायद्याचा आधार असलेल्या कर्जाच्या व्यवहारात, बेकायदेशीर आहे.

राज्यांच्या गृहवित्त संस्थांकडे डाउन पेमेंट आणि क्लोजिंगसाठी मदत असते. न्यू जर्सीची संस्था काउंटीनुसार १०,००० किंवा १५,००० डॉलर देते, बिनव्याजी, आणि पाच वर्षं त्या घरात राहिलं की ते माफ होतात. कॅलिफोर्नियाची मायहोम योजना दुय्यम कर्ज देते, त्याची फेड घर विकताना किंवा रिफायनान्स करताना होते. दोन्हीकडे त्यांच्याच मंजूर लेंडरकडून मुख्य कर्ज घ्यावं लागतं आणि उत्पन्नाची कमाल मर्यादा असते. अशा योजनांत ‘पहिलं घर’ म्हणजे सहसा गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात न राहिलेला खरेदीदार. आधी कधीतरी घर होतं म्हणून अर्जच न करणारे पुष्कळ असतात. अर्ज ऑफरच्या आधी करा, कारण मंजुरीला लागणारा वेळ क्लोजिंगच्या तारखेत बसला पाहिजे.

एच-वन-बी किंवा एल-वन व्हिसावर असलेल्यांसाठी एक मोठा बदल झाला आहे: २५ मे २०२५ पासून कायमस्वरूपी निवासी नसलेल्यांना नवं एफएचए कर्ज मिळत नाही. ३.५ टक्के डाउन पेमेंटचा तो मार्ग त्यांच्यासाठी बंद झाला. कन्व्हेन्शनल कर्ज मिळतं, पण त्या व्हिसाची लेंडरला किती सवय आहे हे आधीच विचारा. नूतनीकरणाचा अर्ज चालू असताना क्लोजिंग अडवणारे लेंडर असतात.

भारतातून आईवडिलांनी पैसे पाठवायचे असतील तर निदान तीन महिने आधी सुरुवात करा. लेंडर दोन महिन्यांचे बँक स्टेटमेंट बघतो आणि त्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारतो. परत करायचे नाहीत असं सांगणारं गिफ्ट लेटर आणि पाठवल्याचा बँकेचा पुरावा द्यावा लागतो. भारतातल्या निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा कर) कापते, तो पुढे त्यांच्या आयकरात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो, तेव्हा तेवढे जादा पैसे त्यांच्याकडे हवेत. वर्षात परदेशातून मिळालेली भेट १ लाख डॉलरच्या वर गेली तर तुम्हाला आयआरएसकडे (अमेरिकेच्या करखात्याकडे) फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर नाही, पण फॉर्म चुकला तर दंड जबर आहे.

शेवटचे तीन दिवस

क्लोजिंग डिस्क्लोजर सहीच्या निदान तीन कामकाजी दिवस आधी हातात यायला हवं. ते लोन एस्टिमेटशेजारी ठेवून ओळीओळीने तपासा. लेंडरची स्वतःची फी आणि ट्रान्सफर टॅक्स एस्टिमेटपेक्षा वाढू शकत नाहीत. नोंदणी फी आणि लेंडरच्या यादीतून घेतलेल्या सेवा मिळून १० टक्क्यांपर्यंतच वाढू शकतात. त्यावरची वाढ लेंडरने सोसायची असते. विमा, प्रीपेड आणि तुम्ही स्वतः बाहेरून निवडलेल्या सेवांना ही मर्यादा नाही.

एजंटचं कमिशन दुसऱ्या पानावर एच विभागात असतं. ते विक्रेत्याच्या रकान्यात आहे का बघा. खरेदीदाराच्या रकान्यात सरकलं असेल तर करारातलं कलम सेटलमेंट एजंटला लगेच पाठवा. ठोक सेलर क्रेडिट तिसऱ्या पानावर एल विभागात दिसतं, तिथेच अर्नेस्ट मनीही (आधी भरलेली इसाराची रक्कम) वजा झालेली हवी. ही ओळ विसरली जाते, आणि ते हजारो डॉलर असतात. क्रेडिट पूर्ण वापरलं गेलं का तेही इथेच कळतं. शिल्लक दिसली तर त्याच दिवशी लोन ऑफिसरला पॉइंट वाढवायला सांगा. व्याजाचा वार्षिक टक्का ठरावीक मर्यादेपलीकडे बदलला, कर्जाचा प्रकार बदलला किंवा मुदतपूर्व फेडीचा दंड नव्याने आला, तरच तीन दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होते. नुसती क्रेडिटची दुरुस्ती झाली तर नाही.

पैसे वायरने पाठवण्याआधी टायटल कंपनीला फोन करून खातं क्रमांक तपासा. नंबर ईमेलमधला नको, सुरुवातीला मिळालेल्या कागदावरचा किंवा कंपनीच्या वेबसाइटवरचा वापरा. ‘खातं बदललं आहे’ असा शेवटच्या क्षणी आलेला ईमेल जवळजवळ नेहमीच फसवणूक असते, आणि गेलेली वायर क्वचितच परत येते.

क्लोजिंग डिस्क्लोजर घर विकेपर्यंत जपून ठेवा. तुम्ही स्वतः भरलेलं एजंटचं कमिशन, मालकाचा टायटल विमा, नोंदणी फी आणि ट्रान्सफर टॅक्स घराच्या करविषयक मूळ किमतीत (विकताना नफा जिच्यावरून मोजतात ती किंमत) मिळवता येतात. लेंडरची फी, विमा आणि एस्क्रो नाही. एजंटने परत दिलेली रक्कम उत्पन्न धरत नाहीत, ती मूळ किमतीतून वजा होते. विक्रेत्याने तुमच्यासाठी भरलेले पॉइंट अटी जुळल्या तर तुम्ही त्याच वर्षी व्याज म्हणून वजावटीत दाखवू शकता, मात्र तेवढी रक्कम मूळ किमतीतून कमी करावी लागते.